जुना नांगर भंगारात घालण्याआधी: फाळ, बोल्ट आणि पंखा कसा जुळवावा

वाचकाचं पत्र: वडिलांच्या वेळचा दोन फाळांचा, ट्रॅक्टरचा माती पलटवणारा नांगर बरीच वर्षं शेडमध्ये पडून होता. कंपनीचं नाव पुसलं गेलं आहे. एका फाळाचं टोक तुटलंय, दुसरा झिजून बोथट झालाय. दुकानातून मिळाला तो फाळ आणला, पण त्याची भोकं जुळेनात, म्हणून वेल्डरनं खाली पट्टी घालून दोन ठिकाणी टाके मारून दिले. आता नांगर जमिनीत जातच नाही, वरच्यावर घसरत जातो. बोल्ट गंजून बसलेत, आणि एका पंख्याला, म्हणजे माती उलटवणाऱ्या वळणदार पत्र्याला, पुढच्या बाजूला भोक पडलंय. सगळे म्हणतात, विकून नवा घ्या. तुमचं काय मत?

उत्तर:

विकू नका, निदान मोजमाप होईपर्यंत तरी नाही. नांगराचे जे भाग मातीला घासतात ते झिजण्यासाठीच बनवलेले असतात आणि बदलता यावेत म्हणूनच बोल्टवर बसवलेले असतात. इंग्लंडमध्ये रॅन्सम यांनी 1808 च्या सुमारास अदलाबदल करता येतील अशा भागांचा नांगर आणला, अमेरिकेत जेथ्रो वुड यांनी 1819 मध्ये सुट्या ओतीव भागांच्या नांगराचं पेटंट घेतलं, आणि आपल्याकडे 1903 मध्ये आलेला किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही त्याच वाटेनं आला. तुमच्या नांगराची चौकट आणि फाळ-पंखा ज्यावर बसतो ती बैठक शाबूत असेल, तर बाकी सगळं मिळवता येतं किंवा घडवता येतं. बैठकीला आरपार तडा असेल आणि चौकटही पिळलेली असेल, तेव्हा मात्र भंगाराचा विचार करा.

आधी नांगर जमिनीत का जात नाही ते पाहू, कारण बाकीच्या दुरुस्तीची दिशा त्यावरच ठरते. नांगर वजनानं जमिनीत शिरत नाही, तो फाळाच्या टोकाच्या ओढीनं शिरतो. नांगर उलटा करा आणि लँडसाइडच्या, म्हणजे तासाच्या उभ्या भिंतीला घासत चालणाऱ्या पट्टीच्या, बाजूला बसा. एक सरळ लोखंडी पट्टी फाळाच्या टोकापासून लँडसाइडच्या टाचेपर्यंत, म्हणजे मागच्या टोकापर्यंत, तळाला टेकवा. फाळ आणि लँडसाइड जिथे जुळतात तिथे पट्टीखाली फट दिसायला हवी. बहुतेक नांगरांत ती 3 ते 6 मिलिमीटर असते. ही फट म्हणजे नांगराची खाली जाण्याची ओढ. आता तीच पट्टी लँडसाइडच्या उभ्या अंगाला लावून टोक ते टाच अशी धरा. तिथेही साधारण 5 मिलिमीटरची फट हवी. ती असली की नांगर न नांगरलेल्या जमिनीकडे ओढ धरतो आणि तास पूर्ण रुंदीचं निघतं.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी झाल्या असाव्यात. फाळाखाली पट्टी घातल्यानं त्याची बसण बदलली आणि टोक वर उचललं गेलं. आणि जुन्या नांगरात लँडसाइडची टाचही झिजलेली असते. टाच झिजली की नांगराचं शेपूट खाली बसतं, नाक वर येतं आणि फट नाहीशी होते. त्यामुळे नुसता नवा फाळ घालून भागत नाही, टाचही तपासावी लागते. वर दगड बांधून किंवा हायड्रॉलिकनं दाबून नांगर आत घालायचा प्रयत्न करू नका. त्यानं चौकट वाकते, फट काही परत येत नाही.

वेल्डचे टाके सोडवताना पातळ कटिंग डिस्क वापरा आणि कापण्याची रेघ फाळाच्या बाजूनं ठेवा. बैठकीवर थोडं वेल्ड उरलं तरी चालेल, ते नंतर घासून सपाट करता येतं. बैठकीत डिस्क घुसली तर तो खड्डा भरताना ओतीव लोखंडाची सगळी कटकट मागे लागते.

आता नांगर ओळखायचा. रंगावर किंवा स्टिकरवर जाऊ नका. ओतीव भागांवर, विशेषतः बैठकीच्या पाठीमागे, लँडसाइडच्या आतल्या अंगाला आणि पंख्याच्या पाठीवर, उठावदार अक्षरं-आकडे असतात. तारेच्या ब्रशनं माती काढा. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, ओला करूनच खरवडा. मग अक्षरांवर पांढरा खडू आडवा फिरवा आणि अंधार करून बॅटरी अगदी तिरकी धरा. समोरून न दिसणारा आकडा सावलीत उभा राहतो. तरीही वाचता आला नाही तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासा. एक लक्षात असू द्या: ओतकामाचा नंबर आणि कॅटलॉगमधला पार्ट नंबर दर वेळी एकच असतो असं नाही. पण ओतकामाच्या नंबरवरून जाणकार विक्रेता नांगराची जात ओळखू शकतो. आर किंवा एल हे अक्षर उजवी-डावी बाजू दाखवतं, आणि 12, 14, 16 असा आकडा बहुधा इंचात कापाची रुंदी असते, म्हणजे अनुक्रमे 305, 356 आणि 406 मिलिमीटर. ही रुंदी लँडसाइडच्या रेषेपासून फाळाच्या बाहेरच्या पंखटोकापर्यंत काटकोनात मोजायची, फाळाच्या तिरक्या धारेवरून नाही. इथे फार जण चुकतात आणि एक माप मोठा फाळ मागवून बसतात.

नाव सापडलं तर कंपनीचा वंशही शोधा. मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन 1953 मध्ये एकत्र आल्या, ऑलिव्हर 1960 मध्ये व्हाइट कंपनीकडे गेली, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेती विभाग 1985 मध्ये केसमध्ये विलीन झाला. त्यामुळे जुन्या नावानं "मिळत नाही" असं उत्तर आलं तरी नव्या मालकाच्या यादीत तोच फाळ दुसऱ्या नंबरनं असू शकतो. शिवाय सर्वाधिक खपलेल्या नांगरांचे फाळ आजही इतर कारखाने बनवतात.

नाव सापडलंच नाही, तरी अडत नाही. जाड पुठ्ठा घ्या, जुना फाळ त्याच्या पाठीवर ठेवून कडेनं रेघ मारा, आणि भोकं आतून गिरवून घ्या. त्यावर लिहा: भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, वरच्या कडेपासून, म्हणजे पंखा जिथे टेकतो त्या कडेपासून, भोकांचं अंतर, फाळाची जाडी, आणि भोक चौकोनी आहे की गोल. फाळ झिजलेला असल्यानं खालच्या धारेची रेघ खरी नसते, पण वरची कड आणि भोकं झिजत नाहीत. बैठकीवरची भोकंही वेगळी मोजा आणि दोन्ही मापं पडताळून पाहा. हा पुठ्ठा घेऊन दुकानात, भंगाराच्या यार्डात किंवा जुन्या अवजारांच्या लिलावात जा. भोकं आणि वरची कड जुळली तर फाळावरचं नाव कोणतंही असलं तरी चालतं, पण टोक बैठकीवर जुन्याच कोनात बसायला हवं. भोकं दीड-दोन मिलिमीटरनं सरकलेली असतील तर फाळाचं भोक कानसून लांबट करता येतं. त्याहून जास्त फरक असेल तर तो फाळ तिथेच ठेवा.

जुने सुटे भाग मिळवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच जातीचा दुसरा मोडका नांगर. चौकट तुटलेला नांगर कुणालाच नको असतो, पण त्याचे पंखे, लँडसाइड, बैठका चांगल्या असू शकतात. त्यातही पंखा आधी पाहा, कारण फाळ नवा मिळतो, बोल्ट मिळतात, पण जुन्या वळणाचा पंखा शोधायलाच सर्वात जास्त वेळ जातो.

बोल्टबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. नांगराचे बोल्ट साध्या बोल्टसारखे नसतात. डोकं सपाट, भोकात बुडणारं, आणि डोक्याखाली चौकोनी मान किंवा एक छोटा दात असतो. ती मान भोकात अडकते म्हणून नट आवळताना बोल्ट फिरत नाही. साधा बोल्ट घातला तर त्याचं डोकं वर राहतं, माती तिथे अडकते, आणि आठवडाभरात डोकं घासून बोल्ट निखळतो. जाडी बहुधा 3/8, 7/16 किंवा 1/2 इंच, नव्या नांगरात 10 किंवा 12 मिलिमीटर. इथे आट्यांचा एक घोळ होतो. अर्ध्या इंचाच्या जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्टला इंचाला 12 आटे असतात, अमेरिकन पद्धतीच्या बोल्टला 13. नट दोन-तीन फेरे छान जातो आणि मग अडकतो. लोक म्हणतात गंज असेल, जोर लावतात, आणि दोन्हीचे आटे जातात. 3/8 ला दोन्हींत 16 आटे असतात पण आट्यांचा कोन वेगळा, त्यामुळे तो बसतो आणि कामात ढिला पडतो. म्हणून बोल्ट आणि नट नेहमी जोडीनं, एकाच पद्धतीचे घ्या.

गंजलेला नट काढताना पाना लावून त्यावर पाइप चढवण्याची घाई करू नका. आधी आट्यांवरची माती टोचून काढा, आत मुरणारं तेल सोडा, आणि दिवसातून दोनदा असं दोन दिवस करा. मध्ये मध्ये नटावर हातोड्यानं हलके ठोके द्या. जोराचे नको, बारीक आणि पुष्कळ. तरी हलला नाही तर तेल पूर्ण पुसून, कोरडं करून, फक्त नट गॅसनं लालसर करा. बोल्ट तापण्याआधी ज्योत काढा, आणि थोडा निवाला की फिरवून पाहा. तेल लावलेल्या नटावर ज्योत नेऊ नका. बोल्टच भोकात गरगर फिरत असेल तर मान झिजली आहे. मग नट ग्राइंडरनं उभा चिरा, छिन्नीनं फोडा आणि सुंब्यानं बोल्ट मागून पुढे ठोकून काढा. काढलेले बोल्ट परत वापरायचे नाहीत. हे सगळं करताना नांगर ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर टांगून खाली शिरू नका. लाकडी ओंडक्यांवर घट्ट टेकवा.

भाग सुटे झाले की वेल्डिंगची कांडी हातात घेण्याआधी धातू ओळखा. या एका टप्प्यावर जितके जुने नांगर वाया जातात तितके गंजानंही जात नसावेत. ग्राइंडरच्या चाकाला भाग हलकेच लावा आणि ठिणग्या पाहा. ओतीव लोखंडाच्या ठिणग्या आखूड, मंद लाल आणि चाकाजवळच विझणाऱ्या. साध्या मऊ पोलादाच्या लांब, पिवळसर, फारशा न फुटणाऱ्या. जास्त कार्बनच्या पोलादाच्या चमकदार आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. मग कानस लावा. ती चावत नाही, घसरते, तर तिथे पाणी दिलेला, म्हणजे तापवून एकदम गार केलेला, कठीण पृष्ठभाग आहे. तुटलेल्या फाळाचा भंग पाहा. बाहेरच्या अंगाला पांढरा, रवाळ थर आणि आत राखाडी रंग दिसला तर ते थंड साच्यात ओतलेलं कठीण लोखंड आहे. जेम्स ऑलिव्हर यांनी 1857 मध्ये याच पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. असा फाळ भट्टीत घालून ठोकला की काचेसारखा फुटतो. त्याला फक्त घासून धार काढायची, आणि तुटला तर बदलायचा. तुमचं तुटलेलं टोक असं निघालं तर ते जोडण्यात वेळ घालवू नका.

फाळ पोलादी निघाला तर लोहाराकडे तो शेवटून घेता येतो, म्हणजे तापवून धार पातळ करून घेता येते. टोकच कमी पडत असेल तर ट्रकच्या जुन्या पाट्याच्या स्प्रिंगचा 10-12 मिलिमीटर जाड तुकडा जोडा. तुकडा फाळाच्या खालच्या अंगाला असा चढवा की वेल्ड धारेपासून किमान 60 मिलिमीटर मागे राहील. जोडण्याआधी दोन्ही भाग 200 ते 250 अंशांपर्यंत तापवा, कांडी ई 7018 जातीची आणि पूर्ण कोरडी घ्या, आणि जोड झाल्यावर तो कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्या. तसाच उघड्यावर गार केला तर वेल्डच्या शेजारी केसासारखी चीर पडते आणि पहिल्याच दगडाला टोक निघून येतं.

मग टोक भट्टीत घालून आकाराला आणा, सरळ पट्टी लावून वर सांगितलेली फट मोजा, आणि ती 3 ते 6 मिलिमीटरमध्ये आल्यावरच पाणी द्या. पाणी देताना फक्त पुढचे 40-50 मिलिमीटर तापवा. चुंबक चिकटेनासा झाला की रंग आणखी किंचित खुलू द्या आणि तेलात बुडवा. स्प्रिंगचं पोलाद साध्या पाण्यात बुडवू नका, तडकतं. गार झाल्यावर एका बाजूनं घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूनं हळूहळू ऊब द्या. पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग धारेकडे सरकत येतो. निळा धारेला पोचला, म्हणजे साधारण 300 अंश झाले, की थांबवा. पिवळ्यावर थांबवलं तर धार जास्त टिकते, पण दगडावर टोक उडतं. खडकाळ रानात निळाच बरा.

हार्डफेसिंगची, म्हणजे वर कठीण थर चढवणारी, वेल्डिंगची कांडी फिरवायची असेल तर एकाच बाजूला, पातळ थरात. दुसरी बाजू मऊ राहते, ती आधी झिजते आणि कठीण थराची धार आपोआप पुढे राहते. दोन्ही बाजूंना फिरवली की फाळ टिकतो खरा, पण धार जाड होते आणि नांगर पुन्हा वरच्यावर घसरू लागतो. नव्या बोरॉन पोलादाच्या फाळावर कांडी लावूच नका. वेल्डच्या उष्णतेनं त्याची कारखान्यातून आलेली कठीणता त्या पट्ट्यात जाते आणि तो तिथूनच झिजतो.

आता पंख्याचं भोक. पुढच्या उभ्या कडेला, जिथे माती पहिल्यांदा आदळते, तिथेच पंखा आधी झिजतो. काही नांगरांत ही कड वेगळ्या बोल्टवर बसवलेली असते, मागून पाहून खात्री करा. तसं असेल तर पंखा बदलायची गरज नाही. अखंड पंखा असेल तर कडेला नीट पाहा. कापलेल्या ठिकाणी तीन थर दिसले, बाहेर कठीण आणि मध्ये मऊ, तर ते तीन थरांचं जुनं पोलाद आहे. बाहेरचा थर मातीत घासून चकाकतो, आतला धक्का सोसतो. अशा पंख्याला पुढून लांब वेल्ड मारला तर बाहेरचा थर मऊ पडतो, आणि बरोबर तिथेच माती चिकटू लागते. म्हणून पाठीमागून 3-4 मिलिमीटरचं ठिगळ वाकवून बसवा, दर टाका 10-15 मिलिमीटरचा आणि एकमेकांपासून दूर, मध्ये हात लावता येईल इतकं निवू द्या. भोकाची पोकळी पुढून थोडी भरून घासून पातळीत आणा. बोटानं चाचपताना नखाला कड लागली तर मातीलाही लागणार.

गंजलेला पंखा घासताना फ्लॅप डिस्क 60 किंवा 80 नंबरची, आणि हात नेहमी माती जाते त्या दिशेनं, पुढून मागे आणि वर. आडवे ओरखडे माती धरून ठेवतात. खोल खड्डे घासून काढण्याच्या नादात थर पातळ करू नका. वाळू मिसळलेल्या जमिनीत दोन-चार तासं मारली की उरलेला गंज माती स्वतःच काढते. चिकट काळ्या जमिनीत पहिल्यांदा घातलात तर पंखा मातीनं भरून जाईल आणि दुरुस्ती फसली असं वाटेल.

बैठकीला तडा असेल आणि ती ओतीव असेल, तर तड्याच्या दोन्ही टोकांना 3-4 मिलिमीटरचं भोक पाडा, तडा इंग्रजी व्ही आकारात उघडा, निकेलच्या कांडीनं 25 मिलिमीटरचे तुकडे घाला, प्रत्येक तुकड्यावर गरम असतानाच हलके ठोके द्या आणि शेवटी सगळं राखेत निवू द्या. नवीच ओतून घ्यायची वेळ आली तर ओतारी जुना भाग फर्मा, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, म्हणून वापरेल, आणि इथे फसगत होते. ओतीव लोखंड निवताना सुमारे 1 टक्का आखडतं. त्यामुळे 300 मिलिमीटरचा भाग 3 मिलिमीटरनं लहान येतो आणि भोकं जुळत नाहीत. फर्म्यावर आधी झिजलेला भाग भरून घ्या, मग आखडण्याची भर द्या, आणि बोल्टची भोकं ओतताना न ठेवता नंतर पाडा.

जुळवताना सगळे बोल्ट आधी हातानंच लावा. फाळ बैठकीवर नीट टेकवा, लँडसाइड लावा, मग पंखा फाळाला भिडवा, आणि त्यानंतर एकेक करत थोडं थोडं आवळा. फाळ आणि पंख्याच्या सांध्यात पंख्याची कड फाळापेक्षा वर राहता कामा नये. फाळ मिलिमीटरभर वर असला तर हरकत नाही.

तुमच्या नांगराला दोन तळ, म्हणजे फाळ-पंख्याचे दोन संच, आहेत, म्हणून आणखी एक तपासणी. सपाट फरशीवर नांगर ठेवून दोन्ही टोकांची चौकटीपासूनची उंची मोजा. दोन्ही लँडसाइडना दोरी लावा, दोऱ्या समांतर हव्यात आणि त्यांच्यातलं काटकोनातलं अंतर कापाच्या रुंदीइतकं. फरक 6 मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर आधी दांड्याचे बोल्ट आणि भोकं पाहा. चौकट वाकली असं वाटतं तेव्हा पुष्कळदा एक भोक लंबगोल झालेलं असतं.

ट्रॅक्टर नवा असेल तर नांगर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिना तपासा. लहान वर्गाच्या जोडणीत खालच्या पिना 22 आणि वरची 19 मिलिमीटर, त्यापुढच्या वर्गात 28 आणि 25. मोठ्या डोळ्यात लहान पिन खडखडत राहिली तर नांगर डोलतो, म्हणून मधे बुशिंग घाला. दगड लागल्यावर तुटण्यासाठी ठेवलेला बोल्ट मात्र त्याच ताकदीचा ठेवा. तो वारंवार तुटतो म्हणून जास्त कठीण घातला की पुढच्या वेळी दांडा किंवा बैठक तुटते.

पहिल्यांदा रानात पन्नासेक मीटर चालवून थांबा आणि सगळे नट पुन्हा आवळा. ते नक्की अर्धा-पाऊण फेरा घेतील, कारण गंज आणि रंगाचा थर दबलेला असतो. मग तासात उतरून तळ पाहा. लँडसाइडच्या टाचेची बारीक घासल्याची खूण तळाला सलग दिसत असेल तर नांगर समतोल चालतोय. खूण नसेल तर शेपूट हवेत आहे, ट्रॅक्टरचा वरचा दुवा (टॉप लिंक) थोडा लांब करा. खूण खोल, दाबलेली असेल आणि टोक आत जात नसेल, तर दुवा थोडा आखूड करा. एका वेळी दोनच फेरे फिरवा आणि पुन्हा पाहा. काम संपलं की पंखा आणि फाळ पुसून त्याच संध्याकाळी जाड ग्रीस फासा. घासून चकाकलेलं पोलाद एका रात्रीच्या दवानंही तांबूस होतं.